शंखांच्या वस्तीसाठी पाणी घडवताना

बेळगावात राकसकोप जलाशयाच्या पाण्यावर वाढलेल्या घरांत नळाच्या पाण्याचे एक कौतुक असते. साबणाचा फेस चटकन येतो, तूरडाळ लवकर शिजते आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर सहसा धरत नाही. रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मी या पाण्याला वर्गात ‘सुफेन’ म्हणते. घरात सगळे त्याला ‘हलके पाणी’ म्हणतात. मला मात्र असे मासे वाढवायचे होते, ज्यांना हे हलके पाणी मानवत नाही. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या तळाशी, मेलेल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहणारे हे सिक्लिड जातीचे मासे आहेत. त्यांच्यासाठी शाहापुरातील आमच्या घरी टाकी उभी करण्यात चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत टाकीत एकही मासा नव्हता. हौशी माणसाला हा काळ सर्वांत कंटाळवाणा वाटतो; मला तोच सर्वांत शिकवणारा वाटला, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांमध्ये पसरलेले टांगानिका सरोवर साडेसहाशे किलोमीटरहून अधिक लांब असून त्याची सर्वाधिक खोली सुमारे १,४७० मीटर आहे. खोलीत बैकल सरोवरानंतर त्याचाच क्रमांक लागतो. किवू सरोवराकडून येणारी रुझिझी नदी त्यात क्षार आणून टाकते. लुकुगा नदीवाटे काही पाणी बाहेर पडते, पण त्याहून कितीतरी अधिक पाणी उन्हाने वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. हे लाखो वर्षे चालत आल्यामुळे तेथील पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेआठ ते नऊच्या आसपास असतो आणि पाणी चांगलेच जड असते. आमचे पाणी याच्या अगदी उलट आहे. सह्याद्रीच्या कडेला पडलेला पाऊस जांभ्याच्या जमिनीवरून मार्कंडेय नदीत उतरतो, आणि जांभ्यातील विरघळण्यासारखे क्षार पावसाने कधीच धुऊन नेलेले असल्यामुळे त्या पाण्याला वाटेत फारसे काही मिळत नाही.

त्या जड पाण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे तेथे शंख विरघळत नाहीत. निओथॉमा नावाची गोगलगाय मेली की तिचा शंख तळाशी तसाच टिकून राहतो आणि काही ठिकाणी अशा शंखांचे लांबच लांब थर साचले आहेत. तळाच्या सपाट वाळूवर लपायला दुसरे काही नसते, तेव्हा लहान माशांनी या शंखांनाच घर केले. मी निवडलेला मासा नियोलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. हौशी मंडळी त्याला नुसते ‘मल्टी’ म्हणतात. बुलेंजर या शास्त्रज्ञाने १९०६ साली त्याचे वर्णन केले. नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, मादी त्याहून लहान, अंगावर करड्या रंगाचे अनेक उभे पट्टे आणि डोळ्याभोवती निळसर झाक. जगातील सर्वांत लहान सिक्लिड माशांत त्याची गणना होते. हे मासे एकेकटे न राहता वस्ती करून राहतात आणि वाढलेली पिल्लेही त्याच वस्तीत राहतात. माझे मन त्यांच्यावर बसले ते यामुळेच.

हे मासे मी प्रथम पाहिले ते बेंगळूरला, धाकट्या बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांकडे. पाऊण तास मी त्यांच्या टाकीसमोरून हलले नाही. निघताना मी मासे मागितले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “मॅडम, आधी पाणी तयार करा. तीन आठवडे ओळीने तपासलेले आकडे मला पाठवा. मग आठ पिल्ले तुमची.” त्यांनी त्या दिवशी मासे पिशवीत घालून दिले असते, तर ते आठवडाभरही जगले नसते.

सर्वांत आधी जमवले ते शंख, कारण त्यांचा हंगाम समोर होता. निओथॉमाचे शंख आपल्याकडे मिळत नाहीत. परदेशी हौशी लोक खाण्याच्या गोगलगायींचे शंख वापरतात. तेही बेळगावच्या बाजारात कोठून येणार? पण खानापूर तालुक्यात माझ्या मामांची भातशेती आहे, आणि भाताच्या खाचरांत व तळ्यांच्या काठी पिला जातीच्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. २०२२ च्या नोव्हेंबरात सुगी आटोपत आली असताना मी दोन रविवार बांधाबांधाने फिरले. मामी भारे बांधता बांधता म्हणाल्या, “एवढे शंख घेऊन काय करणार गं पोरी? जिवंत काही मिळालं नाही काय?” त्यांना सगळे सांगितल्यावर मात्र त्यांनीच विहिरीजवळच्या पाणथळातून सर्वांत चांगले नऊ शंख आणून दिले.

शंख निवडताना तोंड पाहावे लागते. पिलाचे तोंड रुंद असते. चार-पाच सेंटिमीटरचा शंख नराला सहज पुरतो, पण फार मोठा घेतला तर मासा आत शिरला तरी त्याला आधार वाटत नसावा, कारण पुढे माझ्या टाकीतले सहा सेंटिमीटरचे दोन शंख कायम रिकामेच राहिले. तळ्याच्या चिखलात बेलामिया नावाच्या लहान गोगलगायींचे, दोन-तीन सेंटिमीटरचे शंखही मिळाले. ही बेलामिया आणि टांगानिकातील निओथॉमा या दोन्ही एकाच कुळातल्या, व्हिव्हिपॅरिडी कुळातल्या, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. हजारो किलोमीटरवरच्या त्या घराचे नातलग आमच्या खानापूरच्या चिखलात होते. मी शंख घेतले ते फक्त रिकामे आणि पांढुरके पडलेले. जिवंत गोगलगाय शंखासाठी मारणे मला मान्य नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

दोन्ही मिळून बावन्न शंख जमले. ते ब्रशने घासले, वीस मिनिटे उकळले, आठवडाभर रोज पाणी बदलत बादलीत ठेवले आणि कडक उन्हात वाळवले. नंतर एकेक शंख नाकाशी धरून वास घेतला. गोगलगायीचा वाळलेला अंश शंखाच्या अगदी आतल्या वळणात अडकतो, डोळ्यांना तो दिसत नाही आणि पाण्यात पडला की कुजू लागतो. अकरा शंख वासावरून बाजूला काढले. एक तरीही माझ्या हातून सुटला. त्याचे पुढे सांगते.

टाकी करून घेतली तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, आठ मिलिमीटर जाडीच्या काचेची. या माशांना उंची लागत नाही, जमीन लागते. म्हणून उंच टाकीचा मोह टाळला. वाळू आणि दगड घातल्यावर तिच्यात प्रत्यक्ष पाणी शंभर लिटरच्या आसपास राहते, आणि पुढच्या सगळ्या हिशेबाला हा शंभराचा आकडा फार सोयीचा पडला. पाणी, वाळू, दगड आणि काच मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जात होते. आमचे घर जुने, माळ्याची जमीन लाकडी. तेव्हा टाकी खालच्या सोप्यातच ठेवायची हे उघड होते. लोखंडी अँगलचा स्टँड उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. तेथील कारागीर कानडी बोलणारे, मी मराठी; मापे मात्र दोघांचीही इंचातली, त्यामुळे काम पहिल्याच वेळी बरोबर झाले. स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा पत्रा आणि त्यावर टाकी अशी मांडणी केली. थर्माकोल नसेल तर एखादा खडाही काचेच्या तळाला तडा देऊ शकतो.

वाळूत माझी पहिली चूक झाली. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, बांधकामावर सगळीकडे यंत्रात दगड दळून केलेली एम-सँड असते, म्हणून मीही दोन पोती तीच आणली. नऊ बादल्या पाण्याने धुऊनही राखाडी पाणी थांबेना. मग चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली, तेव्हा प्रत्येक कणाला धार दिसली. हे मासे दिवसभर तोंडात वाळू भरून दुसरीकडे नेऊन टाकतात. असल्या कणांनी त्यांची तोंडे आणि कल्ले सोलून निघाले असते. ती वाळू मी शेजारच्या घराच्या गिलाव्याला देऊन टाकली. शेवटी मामांच्या गोठ्यामागे, पंधरा वर्षांपूर्वीच्या बांधकामातून उरलेल्या मलप्रभेच्या वाळूचा ढीग होता, तो कामी आला. आधी खडे काढण्यासाठी मोठ्या चाळणीने आणि मग माती काढण्यासाठी पिठाच्या चाळणीने चाळून मधली वाळू घेतली, निवळ पाणी येईपर्यंत धुतली. तीस किलो धुवायला दोन दिवस लागले. तिचे कण गोलसर आहेत आणि रंग फिकट तपकिरी. पाण्यात ती फार शोभते.

दगडांच्या बाबतीत चुकण्याआधी तपासायची बुद्धी झाली. एका दुकानात मला ‘पाणी जड करणारे’ म्हणून पांढरे खडे विकले होते. त्यांवर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर एक बुडबुडा उठला नाही. ते गारेचे खडे होते, निरुपद्रवी आणि या कामाला निरुपयोगी. मग आजूबाजूचे जे मिळेल ते याच थेंबाने तपासले. गोकाककडून आणलेला गुलाबी वालुकाश्म शांत राहिला. शेतातला काळा बसाल्टही तसाच. जांभा घ्यावा असे वाटतच नव्हते, कारण तो सच्छिद्र, लोहाने भरलेला आणि पाण्यात भुगा सोडणारा. शाहाबादी फरशीच्या तुकड्यावर थेंब पडताच मात्र फस्स करून फेस आला, कारण ती फरशी म्हणजे चुनखडकच. घराच्या मागील दारी जुन्या न्हाणीघराच्या फुटक्या फरश्या वर्षानुवर्षे पडून होत्या. त्यांचे हाताएवढे तुकडे करून, कडा घासून बोथट केल्या आणि एकावर एक तिरके रचून कपारी तयार केल्या. घरी प्रयोगशाळेचे आम्ल नसेल त्याने लिंबाचा रस वापरावा. बुडबुडे मंद येतात, पण नीट पाहिले तर कळतात.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. चुनखडक टाकला की पाणी आपोआप टांगानिकासारखे होते, असे पुष्कळ जण मानतात. चुनखडक आम्लधर्मी पाण्यात भराभर विरघळतो, पण सामू आठच्या वर गेला की त्याचे विरघळणे जवळजवळ थांबते. म्हणजे पाणी घसरू लागले तर तो हात देतो. त्याला वर चढवून नेण्याचे काम त्याच्याने होत नाही. ते काम मोजूनमापून आपणच करावे लागते.

फरशीचे तुकडे ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने एकमेकांना चिकटवले आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाच दिवस उघड्यावर ठेवले. रचना टाकीत ठेवली ती थेट तळाच्या काचेवर, खाली प्लास्टिकची जाळी घालून. वाळू त्यानंतर ओतली, पाच ते सात सेंटिमीटर जाडीची. दगड वाळूवर ठेवला असता, तर माशांनी खालची वाळू उकरताच तो कलंडला असता आणि एखादा मासा चेंगरला असता किंवा काचच फुटली असती.

मग आले मुख्य काम. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात मोठा पिंप असतोच. त्यातले पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी एक दिवस हवेच्या पंपाखाली ठेवले. तपासणीच्या संचाने त्याची कार्बोनेटची जडता, म्हणजे सामू घसरू न देणाऱ्या बायकार्बोनेटचे माप, २ डिग्री आणि एकूण जडता, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे माप, ३ डिग्री दाखवली. मला पहिली १२ पर्यंत आणि दुसरी १० पर्यंत न्यायची होती. हिशेब सरळ आहे. शंभर लिटर पाण्याची कार्बोनेट जडता एक डिग्रीने वाढवायला खाण्याचा सोडा सुमारे ३ ग्रॅम लागतो. दहा डिग्रींना ३० ग्रॅम. एकूण जडता एक डिग्रीने वाढवायला एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सुमारे ४.४ ग्रॅम लागते. सात डिग्रींना ३१ ग्रॅम. टांगानिकाच्या पाण्यात मॅग्नेशियम मुबलक असते, म्हणून एप्सम सॉल्ट येथे शोभून दिसते. आमच्याकडे शेतीच्या औषधांच्या दुकानांत मॅग्नेशियम सल्फेट पोत्याने मिळते, पण त्यात आणखी काय मिसळले असेल याची खात्री नसल्यामुळे मी औषधांच्या दुकानातले घेतले. सोडा घेताना तो निव्वळ खाण्याचा सोडा आहे ना, हे पाहावे. बेकिंग पावडर वेगळी आणि धुण्याचा सोडा त्याहून वेगळा.

दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या तांब्यांत विरघळवून टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी सामू ८.४ वर स्थिर झाला. पुढे दहा दिवस रोज सकाळी आणि रात्री मी आकडे टिपले आणि ते हलले नाहीत. बेळगावच्या नळातून आलेले पाणी साठ-बासष्ट ग्रॅम पावडरींनी वेगळ्या खंडातले होऊन समोर उभे होते. वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते ते रसायनशास्त्र प्रथमच हाताला लागल्यासारखे वाटले.

पाणी जड झाले तरी ते जिवंत झालेले नव्हते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला आल्याशिवाय मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे. जड आणि अल्कधर्मी पाण्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. अमोनियाचे एक रूप माशांना फारसे बाधत नाही आणि दुसरे मारक असते. पाण्याचा सामू ७ असताना मारक रूपाचा वाटा शेकडा एकाहूनही कमी असतो, सामू ८.५ झाला की २६ अंश तापमानाला तो शेकडा सोळाच्या आसपास जातो. साध्या पाण्यातल्या गोल्डफिशला जेवढा अमोनिया सोसवतो, तेवढाच येथे जीव घेतो.

जानेवारी २०२३ मध्ये मी टाकीत हवेच्या पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर लावले, शंभर वॉटचा हीटर २६ अंशांवर ठेवला आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू दिले. एका मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला स्पंज आमच्या टाकीत पिळून घेतला, म्हणजे जीवाणूंचे विरजण लागले. बेळगावच्या जानेवारीत रात्रीचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो. हीटर नसता तर हे विरजण धरायला फार वेळ लागला असता. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढला, चौथ्यात उतरला, नायट्राइट मात्र हटेना. पाचव्या आठवड्यात ते शून्यावर आले आणि मी आनंदाने शंख टाकीत मांडले. चारच दिवसांत अमोनिया पुन्हा दिसू लागला. एकेक शंख बाहेर काढून हुंगला, तेव्हा विसावा की एकविसावा शंख सापडला, ज्याच्या आत काळपट कुजका गोळा होता. तो फेकला, अर्धे पाणी बदलले आणि गृहस्थांना कळवले की माझे तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. त्यांनी केवळ ‘बरोबर’ एवढेच उत्तर पाठवले.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी बेंगळूरला जाऊन राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मासे आणले. थर्माकोलच्या खोक्यात दोन पिशव्या, प्रत्येकीत चार पिल्ले आणि वर प्राणवायू भरलेला. बहिणीला भीती होती की रात्रभरात ती गुदमरतील. खरा धोका पिशवी उघडल्यावर असतो. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, सामू उतरतो आणि साचलेला अमोनिया त्याच्या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत मारक होतो. पिशवी उघडून थेंबथेंब पाणी घालत दीड तास बसण्याची पद्धत म्हणूनच लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशांना मला पटत नाही. गृहस्थांच्या आणि माझ्या पाण्याचे आकडे आधीच जुळवलेले होते. मी बंद पिशव्या वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ दिले, मग पिशवी कापून मासे जाळीत घेतले आणि लगेच टाकीत सोडले. पिशवीचे पाणी मोरीत ओतले.

त्या दिवशी एकही मासा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीच्या कपारीतून एक नर बाहेर आला, डावीकडच्या एका शंखाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तोंड शंखात घालून माघारी वळला. मग त्याने शंखाच्या कडेची वाळू तोंडात घेतली, चार बोटांवर नेऊन थुंकली आणि परत आला. मी घड्याळ लावून पाहिले. दहा मिनिटांत त्याने एकतीस खेपा केल्या. कधी तोंडाने, कधी शेपटीच्या फटकाऱ्याने तो वाळू हटवत राहिला आणि संध्याकाळपर्यंत शंख निम्मा आत गेला. मी सगळे शंख तोंड पुढच्या काचेकडे करून, पाहणाऱ्याला सोयीचे असे मांडले होते. आठवड्याच्या आत त्यांतले बहुतेक फिरवले गेले, काही तोंडापर्यंत पुरले गेले आणि दोनांचा तर मागमूस राहिला नाही. डाव्या कोपऱ्यात काचेचा तळ उघडा पडला, उजवीकडे वाळूचा उंचवटा झाला. टाकी अशीच असायला हवी होती, हे त्यांनी उकरून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. त्यानंतर मी शंखांना हात लावायचे सोडून दिले.

एका गोष्टीत मात्र हात घालावा लागला. आठांत तीन नर आणि पाच माद्या निघाल्या. दोन नरांनी टाकीचे दोन भाग वाटून घेतले आणि तिसऱ्याला दोन्हीकडून हाकलणे सुरू झाले. तो फिल्टरच्या मागे, पाण्याच्या वरच्या थरात अंग आक्रसून राहू लागला आणि त्याची शेपटी फाटली. दगडांची रास मी टाकीच्या एका टोकाला, शोभेसाठी ठेवली होती, ही माझी चूक होती. वस्ती करणाऱ्या माशांच्या टाकीत दगड भिंतीसारखे असावे लागतात. शेजारी दिसला नाही की भांडण निम्मे होते. आता मध्यभागी नवी रास उभी करायची तर वाळू हटवून दगड काचेवर टेकवायला हवा होता, आणि त्यासाठी सगळी वस्ती मोडावी लागली असती. पण पाहते तो काय, दोन नरांच्या हद्दीवरच्या रोजच्या उकराउकरीत मध्यभागी वीतभर काच आधीच उघडी पडली होती. पाया त्यांनीच खणला होता. मी शाहाबादीची तीन थरांची रास अलगद तेथे टेकवली. तिच्यापलीकडे आठ नवे शंख टाकले. चौथ्या दिवशी तिसऱ्या नराने त्यांतला एक धरला आणि महिन्याभरात त्याची शेपटी भरून आली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी खाद्य घालताना, एका बेलामियाच्या शंखाच्या तोंडाशी वाळूचे काही कण हलल्यासारखे वाटले. भिंग आणून पाहिले. अर्ध्या सेंटिमीटरची पाच पिल्ले शंखाच्या कडेला चिकटल्यासारखी तरंगत होती आणि त्यांची आई वरच्या बाजूला बसून होती. मादी अंडी शंखाच्या आत घालते, त्यामुळे ती कधी घातली हे मला कळलेच नव्हते. मी हातातली खाद्याची डबी खाली ठेवून तेथेच जमिनीवर बसले आणि आईला हाक मारली, ऐंशीला टेकलेल्या आईने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाली, “अगं, यांचं बाळंतपण कुणी केलं?” पिल्लांना चूर्ण केलेले खाद्य पुरत नाही. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ घालून, हवा सोडून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी उबवली की दिवसा-दीड दिवसात जिवंत खाद्य मिळते, तेच त्यांना दिले. स्पंज फिल्टर निवडण्याचा फायदा आता दिसला. जोराच्या फिल्टरने ही पिल्ले ओढून नेली असती.

उन्हाळ्यात टाकीचे पाणी रोज लिटरभर आटायचे. तेथे मी साधे पाणीच भरते, सोडा घालत नाही, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. सवयीने दर वेळी सोडा घातला तर पाणी हळूहळू सरोवरापेक्षाही जड होईल. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलते तेव्हा मात्र प्रत्येकी साडेचार ग्रॅम सोडा आणि एप्सम सॉल्ट त्या पाण्यात आधीच विरघळवून घेते. जुलैच्या पावसात एका रात्री वीज सात तास गेली. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने एक स्पंज चालू राहिला, टाकीवर आईची जुनी गोधडी गुंडाळली आणि सकाळपर्यंत तापमान २६ वरून २३ पर्यंतच उतरले. पंप नसता तर मासे कदाचित तगले असते, पण प्राणवायूवाचून स्पंजातले जीवाणू मरू लागले असते आणि त्याचा फटका दोन दिवसांनी बसला असता.

पहिली पिल्ले मोठी झाली तरी आईबापांनी त्यांना हाकलले नाही, आणि आता कोणता मासा कोणत्या वर्षीचा हे मला सांगता येत नाही. मोजायला गेले की तेवीसपर्यंत येते आणि कोणीतरी शंखात शिरते. शंख पुन्हा कमी पडू लागले आहेत. या सुगीला मामींनी न सांगता पिशवीभर शंख पाठवले. त्यांतले चौदा उकळून बादलीत ठेवले आहेत. आज पाणी बदलण्याचा पाचवा दिवस. दोन दिवसांनी ते उन्हात टाकीन आणि मग एकेक नाकाशी धरून पाहीन.